ब्रेकची निर्दोष तक्रार

क्रेनचा ब्रेक घसरत होता आणि खाली माणसं राबत होती, म्हणून क्रेनवाल्याने तक्रारवहीत इंग्रजीत तसं लिहिलं. साहेबांनी ‘ब्रेक’ या शब्दाभोवती लाल गोल काढला: थांबवायचा ब्रेक वेगळा, मोडायचा वेगळा, स्पेलिंग शिका. दुसऱ्या तक्रारीवरही तोच गोल. मग त्याने लेकीकडून दोन्ही शब्द घोटून घेतले आणि तिसरी तक्रार बिनचूक लिहिली. साहेबांनी शेरा मारला, ‘उत्तम प्रगती.’ ब्रेक होता तसाच.

क्रेनवाला चावी खिशात घालून खाली उतरला.

“काय हो, काम का बंद?” साहेब कडाडले.

“इंग्रजी सुधारलं, साहेब. आता तुम्ही भाराखाली उभे राहा, लगेच चालू करतो.”

तीन आठवडे न सापडलेला मेकॅनिक साहेबांना दहा मिनिटांत सापडला.