शरदिनीच्या नावाची वेबसाईट

शरदिनी सासर सोडून बनारसला आली तेव्हा तिच्या मनगटाचं हाड अजून पुरतं जुळलं नव्हतं. दुर्गाघाटावर बिंदुमाधवमामांनी तिला वरची खोली दिली. मामा सख्खे नव्हेत, आईचे मानलेले भाऊ. म्हणून इंदूरला राहणाऱ्या तिच्या नवऱ्याला हे घर ठाऊक नव्हतं. तिला मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि ती हळूहळू सावरली.

नव्याण्णव साली मामांच्या ओळखीतल्या देवदत्तनं गोदौलियाच्या बाजारात इंटरनेटचं दुकान टाकलं. शाळा सुटली की शरदिनी तिथं जाऊन बसे. इंटरनेटवर फुकट जागा देणाऱ्या एका परदेशी कंपनीकडे तिनं आपलं मराठी पान उघडलं. गल्लीतल्या बायकांबद्दल लिहिलं, पुरात बुडालेल्या पायऱ्यांबद्दल लिहिलं, आणि एकदा धीर करून नवऱ्याच्या मारहाणीबद्दलही. खाली नाव घातलं नाही. तरी कुठून कुठून बायकांची पत्रं येऊ लागली.

एके दिवशी त्याच मारहाणीच्या मजकुराच्या डोक्यावर जुगाराची जाहिरात नाचताना दिसली. शरदिनी संतापली.

"फुकटात असंच असतं, ताई," देवदत्त म्हणाला. "भाड्याची जागा घ्या. एक कंपनी सस्ती आहे, पण तिच्याकडच्या साईट सारख्या बंद पडतात. दुसरी थोडी महाग, पण भरवशाची. आणि साईटचं नाव आपल्या पत्त्यासकट स्वतंत्र नोंदवावं लागतं. काय ठेवू?"

"शरदिनी," ती म्हणाली. सासरी तिचं नाव बदललं होतं. ते सासरचं नाव तिला कायमचं टाकून द्यायचं होतं.

तिनं भरवशाची कंपनी निवडली. देवदत्तच्या अमेरिकेतल्या बहिणीनं आपल्या क्रेडिट कार्डावरून पैसे भरले, बाकीची माहिती देवदत्तनं भरली आणि जुना मजकूर नव्या साईटवर हलवला. काही दिवसांनी त्यानं मोठ्या कौतुकानं साईटच्या नावाची नोंद पडद्यावर उघडून दाखवली. शरदिनीचं नाव, दुर्गाघाटाचं घर, मामांचा फोन नंबर.

"हे कुणालाही दिसतं?"

"हां, दुनियाभर. नाव कुणाचं, हे उघड ठेवायचा नियमच आहे."

घरी येताना प्रत्येक वळणावर ती मागं बघत होती. मामांजवळ मात्र काही बोलली नाही. कडी वाजली की ती आधी खिडकीतून खाली बघून घेई.

आणि एका संध्याकाळी फोनची लांबलचक घंटा वाजली. बाहेरगावचा फोन. तिनंच उचलला.

"माहेरचं नाव परत घेतलंस वाटतं. इंटरनेटवर ते शोधलं, तर पत्त्यासकट सापडलीस," नवरा म्हणाला. आवाज अगदी शांत. "छान लिहितेस. दुर्गाघाट नदीला लागूनच ना?"

तिनं रिसीव्हर दाणकन आदळला. मामा धावत आले. तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

"आधी का नाही बोललीस, पोरी?" मामा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बंद करायची का ती साईट?"

"पत्ता बदलू," ती म्हणाली. "नाव राहू दे."

देवदत्तनं आपल्या दुकानाचा पत्ता घालायला कंपनीला त्याच दिवशी कळवलं. पण कंपनीनं तो बदलण्याआधीच, जुना पत्ता हाती असलेला नवरा एका दुपारी गल्लीत येऊन ठेपला. शरदिनी वरच्या खोलीत दाराला पाठ लावून बसली होती. खालून मामांचा आवाज आला, "ती इथंच आहे. पण तू या उंबऱ्याच्या आत यायचं नाहीस." नवरा ओरडू लागला, तशी शेजारपाजारची दारं उघडली. गर्दी जमली. कुणीतरी पोलीस चौकीवर माणूस धाडला, हे कानावर पडल्यावर तो शिव्या घालत निघून गेला. शरदिनी मात्र कितीतरी वेळ दारापासून हलली नाही.

तो पुन्हा आला नाही. तरी पुढं कितीतरी दिवस ती शाळेतून रोज वेगळ्या गल्लीनं घरी यायची. त्या दुपारचा प्रसंग तिनं नव्या साईटवर लिहिला आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं. ते लिहितानाही ती दुकानाच्या दाराकडे तोंड करूनच बसली होती.