तळ्यावरची निकासिया

निकासिया सुरुबीच्या वाटेला गावात सहसा कोणी जात नसे. तरुणपणी नवऱ्याने दारू ढोसून हात उगारला, तेव्हा तिने मका कांडायच्या मुसळाने त्याचं मनगट मोडलं होतं आणि मग स्वतःच पाला लावून बांधलंही होतं. तो वारल्यावर युकाचे कंद लावून, मक्याची दारू चिचा गाळून ती एकटीच राहिली.

चिकितानी प्रांताच्या रानात पाऊस तीन वर्षं नावालाच पडत होता. "हवाच फिरली," म्हातारी माणसं म्हणायची. त्या ऑगस्टात, तिकडच्या ऐन कोरड्या दिवसांत, उत्तरेचा वारा भट्टीतून आल्यासारखा सुटला आणि गावच्या तळ्यात गुडघाभर पाणी उरलं. त्यालाही कुरणमालकाचा मुकादम गुमेर्सिंदो याने काटेरी तार ठोकली.

"आधी गुरं," तो घोड्यावरून म्हणाला.

"आणि माणसांनी काय तुझं मूत प्यायचं?" निकासियाने तारेवर कुऱ्हाड घातली.

त्याचा चाबूक तिच्या गालावर बसला. कातडं फाटलं. तिने चाबूक धरून त्याला घोड्यावरून खाली ओढलं. दोघं धुळीत लोळली. त्याच्या बुटाने तिचे दोन दात पाडले, तिने त्याचा कान चावला. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "वणवा!"

पेरणीसाठी कुणीतरी रानाला लावलेली आग वाऱ्याने गावावर आणली होती. पेटलेली गुरं हंबरत तारेवर आदळली, मागून माणसं धावली. निकासिया तोंडातलं रक्त थुंकत तार तोडत सुटली. बायका-मुलं चिखलात कोसळली. गुमेर्सिंदो मात्र तारेत अडकलेला घोडा सोडवायला परत वळला आणि त्याच्या सदऱ्याने पेट घेतला. तिने पळत जाऊन त्याला केसांनी फरफटत आणलं, डोकं चिखलात दाबलं.

"सोड! जीव घेतेस का?"

"गप पड, मेल्या!"

जाळ डोक्यावरून गेला. घोडा बराच वेळ किंचाळत होता.

गावातला म्हातारा मेल्चोर आणि त्याची सून वाचली नाहीत. निकासियाचं घर गेलं, भाजलेल्या हातांची बोटं कायमची आखडली. गुमेर्सिंदो इस्पितळातून सुटला तो परस्पर निघून गेला. आभार मानायला तो आला नाही, आणि तिनेही वाट पाहिली नाही.

पुढे मालकाने पुन्हा तार ठोकायला माणसं धाडली. गाव कोयते घेऊन उभं राहिलं. निकासिया सगळ्यांच्या पुढे होती. कुऱ्हाड धरवत नव्हती, म्हणून दोन्ही तळव्यांत दगड दाबून तिने तो पहिल्याच गड्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. उरलेले त्याला उचलून परत गेले.

ऑक्टोबरात यायचा पाऊस नाताळानंतर आला, तोही चार सरींचा.