मंजूच्या गाडीचे चार प्लग माझ्या पदरात होते

मी बोलतेय आणि माझी नात पवित्रा मोबाइलमध्ये लिहून घेतेय. मला वाचता येतं ते बसच्या नंबरापुरतं. ती म्हणाली, "अज्जी, इथं लोक असले अनुभव लिहितात, तू पण सांग." म्हणून सांगते. पण मी असलं काही मानणारी बाई नाही. नवरा लवकर गेला, लोकांची भांडी घासून पोर वाढवलं, अंधाराचं गेले-आले... कधी काही आडवं आलं नाही. भ्यायचं ते माणसांनाच भ्याले.

आमचं घर राजाजीनगरात, मागच्या गल्लीत. दोन ऑटो समोरासमोर आले की एकानं मागं सरायचं, अशी गल्ली. माझा मुलगा मंजुनाथ, सून शोभा, मी आणि ही पवित्रा. मंजूची पेट्रोलवरची छोटी पिकअप होती, मार्केटातून फुलं उचलून दुकानांना पोचवायचा.

आयुधपूजेचा दिवस. पवित्रा मावशीकडं बनशंकरीला गेलेली. आमच्याकडं त्या दिवशी गाडी धुऊन हार घालतात, पाने-स्क्रूड्रायव्हर सगळं देवापुढं मांडून कुंकू लावतात. मग दिवसभर त्याला हात लावायचा नाही. कोहळा फोडतात, चाकाखाली लिंबं ठेवतात, आणि गाडी त्यावरून पुढं गेली की पूजा पुरी.

मंजूनं हौसेनं इंजिनसुद्धा पाइप लावून धुतलं. पूजा झाली, किल्ली फिरवली... तर गाडी थरथरायला लागली. मिसिंग, इंजिन धड पेटेना. भुडभुड केली आणि गप्प.

शोभा म्हणाली, "हार घालून नवरी रुसली बघा."

"प्लगात पाणी गेलंय," मंजू म्हणाला. "तसे जुनेच झालेत. नवे आणून ठेवलेत, बदलून टाकतो."

असं म्हणून देवापुढचा प्लगपाना उचलून आला. मी म्हटलं, "अरे, आज हत्याराला हात लावू नये."

"मग लिंबं काय तू चिरडणार, आई?"

त्या गाडीचं इंजिन सीटखाली. त्यानं किल्ली काढून खिशात टाकली, सीट वर उचललं आणि एकेक प्लग काढून माझ्याकडं दिला. "पदरात धर, खाली ठेवले तर गटारात घरंगळतील." काजळी धरलेले, गरम. चौथा देताना त्याचा हात थांबला. तोंडावर घाम सुटलेला. "आई, स्वल्प पाणी..." एवढंच म्हणाला आणि गाडीला टेकून खाली सरकला.

शेजारचा ऑटोवाला रमेश धावला. शोभा मंजूचं डोकं मांडीवर घेऊन ऑटोत मागं बसली, पाय दुमडून कसेबसे आत घेतले. मला जागा उरली नाही. "अज्जी, तुम्ही इथंच राहा, फोन करतो," रमेश म्हणाला आणि ते दवाखान्यात गेले.

मी पायरीवर बसले. आणि थोड्या वेळानं गाडी चालू झाली.

मला वाटलं दुसऱ्या कुणाची असेल. पण गल्लीत दुसरी गाडी नव्हती. उठून बघितलं — सीट वर केलेलं, प्लगाची चारी भोकं उघडी, वायरी बाजूला लोंबतायत... आणि इंजिन चाललंय. मिसिंग नाही, काही नाही. पुढचा हार हलत होता. पत्र्यावर हात ठेवला, हाताला थरथर लागली.

वरच्या मजल्यावरची सरोजक्का खिडकीतून ओरडली, "अक्का, मंजू गाडी चालू टाकून कुठं गेला? बंद करा की, सगळा धूर घरात येतोय!"

"सरोज, खाली ये."

ती आली. आत वाकून बघितलं, मग माझ्या पदराकडं बघितलं. "किल्ली?"

"मंजूच्या खिशात."

"मग बंद कशी करायची?"

"बंद नको करू," मी म्हटलं. का म्हटलं ठाऊक नाही. ही चालू आहे तोवर माझं पोर आहे, असं मनानं धरलं होतं.

ती लांब जाऊन हात जोडून उभी राहिली. मी फोन लावत होते, कुणी उचलत नव्हतं. नवे प्लग पायरीवर पडले होते. ते बसवावेत का? बसवतात कसे? की हात लावला तर बंद पडेल? कुणाला विचारू?

मग आवाज बदलला. भुडभुड... एकदा थांबल्यासारखी झाली, परत चालली. मी ओरडले, "मंजू! अरे थांब रे, मंजू!"

बंद पडली. हार थांबला.

फोन आला तेव्हा रमेश नुसतं "अज्जी..." म्हणाला आणि रडायला लागला.

दिवसकार्य झाल्यावर मेकॅनिक आला. म्हणाला, "प्लगाशिवाय गाडी चालत नाही, अज्जी. तुम्हाला धक्का बसला होता." सरोजक्का म्हणाली, "मी पण ऐकलंय ना!" तो "सरी, सरी" असं बरं-बरं म्हणत काम करत राहिला. भावकीतले म्हणाले, पूजेतला पाना उचलला म्हणून झालं. मला ते पटत नाही.

मला एवढंच विचारायचंय. ती चालू होती तेवढ्या वेळात मी काही करायला पाहिजे होतं का? काय करायचं होतं? तुमच्यात कुणाला ठाऊक असलं तर लिहा. बरंवाईट काही असू दे, लिहा... मी पवित्राकडून वाचून घेईन.