तिसऱ्या लाल धाग्यापाशी

आमच्या आत्याला समुद्राचं काडीचंही कौतुक नव्हतं. शिवणकाम करणारी बाई, तिचा जीव काजाबटणांत. तरी दर रविवारी सकाळी ती मशीनवर कापड टाकायची, पिशवीत एक ताटली आणि दोराचं वेटोळं घालायची आणि धक्क्याशेजारच्या जुन्या पायऱ्यांवर जाऊन पाणी किती गढूळ आहे ते मोजून यायची.

हे खूळ शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंचं. किनाऱ्यावरच्या हौशी लोकांना गोळा करून त्यांनी हे काम वाटून दिलं होतं. यंत्र नको, प्रयोगशाळा नको. पांढरी गोल ताटली, मध्ये भोक, खाली वजनाला एक जुना नट आणि खुणा केलेला दोर. उन्हाकडे पाठ करून ताटली पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की म्हणायचं ‘गेली’. मग सावकाश वर ओढायची, पुन्हा दिसली की ‘आली’. दोन्ही वेळी मोजलेल्या खोलीच्या मधला आकडा बाईंना फोनवरून कळवायचा. आमच्या भागातल्या पायऱ्या पोहण्यासाठी पुन्हा उघडायच्या की नाही, हे त्या आकड्यांवर ठरणार होतं.

आत्याच्या दोराला गाठी नव्हत्या. तिनं टेपनं मापून लाल धागे शिवले होते, काजं शिवतात तशा घट्ट टाक्यांनी. आणि ताटली म्हणजे तिच्या मुलाच्या खेळण्यांच्या डब्याचं झाकण होतं. पांढरा रंग दिला तरी कडेला एक पोचा तसाच राहिला होता, त्यानेच आपटून पाडलेला.

त्याला आम्ही बेडूकराव म्हणायचो. माझ्याहून थोडा लहान, एक मिनिट बूड टेकून बसेल तर शपथ. आत्याचे यजमान आधीच गेले होते, त्यामुळे मायलेक आमच्याकडेच राहत. एका सुट्टीच्या दिवशी तो बाबांबरोबर पायऱ्यांवर पोहायला गेला. आत्या घरी मशीनवर होती, मी आईबरोबर बाहेर. लक्ष ठेवायला एकटे बाबा. त्याने उडी मारली, ती शेवटची. सापडला तो पायऱ्यांच्या अगदी पायथ्याशी, बाबा उभे होते तिथून फार लांब नाही.

“पाणी इतकं गढूळ होतं की कुणालाच दिसला नसता,” बाबा म्हणाले. सगळ्यांनी ते मान्य केलं. तेव्हा शहराची सगळी घाण तिथेच येऊन पडायची, त्यामुळे खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं. पण बाबांना काही ते पचलं नाही. ते पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत. आंघोळीला बसले की बादलीतलं पाणी आधी हाताने ढवळायचे, मगच अंगावर घ्यायचे. स्थिर पाण्याखाली दिसणारा तळ त्यांना बघवत नसे. आई असेपर्यंत तिनं टोकून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

रविवारी आत्या परत आली की ते दारातच विचारायचे, “किती दिसलं?”

“तिसऱ्या धाग्याला गेली,” ती सांगायची. मग ते जेवायला बसायचे. तो आकडा म्हणजे बाबांच्या बाजूची साक्ष होती, आणि दर आठवड्याला ती नव्याने लागायची. दोर मोरीतल्या खिळ्यावर टांगलेला असायचा आणि संध्याकाळपर्यंत ठिबकत राहायचा. मला त्या आवाजाचा राग यायचा. भीतीही वाटायची, खोटं कशाला बोलू?

मागच्या वर्षी शहराचं सांडपाणी शुद्ध करून सोडायला लागले. पाणी निवळत चाललं, तसे आसपासच्या सगळ्या ठिकाणचे आकडे वाढत गेले. आत्याचा मात्र तिसरा धागा हलायला तयार नाही. बाईंनी मला गाठलं. “समुद्राला एवढी शिस्त नसते गं. एकदा तिच्याबरोबर जाऊन बघ. मोतीबिंदू तर नाही ना?”

मोतीबिंदू कसला! ती अजून सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते. तरी गेले. आत्यानं उन्हाकडे पाठ केली, ताटली सोडली. पहिला धागा, दुसरा, तिसरा. तिचा हात थांबला.

“गेली.”

मी वाकून पाहिलं. ताटली पाण्यात ढळढळीत दिसत होती.

“आत्या, ही काय! दिसतेय की.”

“मला नाही दिसत.”

“खोटं बोलतेस.”

“बोलते,” ती म्हणाली आणि दोर गुंडाळायला लागली. “पाणी निवळलं हे दादाला कोण सांगणार? तू?”

“आता निवळलं म्हणून तेव्हाही निवळ होतं असं थोडंच आहे?”

“हे तुला कळतं. तो दचकून उठून बसतो तेव्हा त्याला समजावायला येतेस का तू?” तिचा आवाज चढला, मग एकदम उतरला. “मुलगा गेला तो गेला. भाऊ तरी राहू दे मला.”

मला रागही आला आणि रडूही. बाईंना मी ‘नंतर सांगते’ असं कळवलं. पण बाईंना कुठला दम! दोन दिवसांनी त्या स्वतः घरी हजर झाल्या आणि चहाचा कप हातात घेऊन, बाबांच्या समोर, सरळ विचारलं, “अहो, सगळीकडे तळ दिसतो, मग तुमच्या पायऱ्यांवरच गढूळ कसं?”

बाबांनी कप खाली ठेवला. बाई गेल्यावरही त्यांनी काही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी आत्यानं पिशवी उचलली तेव्हा बाबा चपला घालून दारात उभे होते.

“दादा, कशाला?”

“चल.”

पायऱ्यांवर शेवाळ होतं, म्हणून मी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला. दोर त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. ताटली खाली चालली. तिसरा धागा पाण्यात गेला.

“गेली,” आत्या म्हणाली.

“अगं, मला दिसतेय.”

दोर सुटत राहिला. ताटली वाळूवर टेकली आणि तिथेही दिसत राहिली, कडेच्या पोच्यासकट. एक बारका खेकडा तिच्यावर चढला, थांबला, उतरून गेला. बाबा दोर धरून तसेच वाकून पाहत राहिले.

“त्या दिवशी गढूळ होतं ना गं?” त्यांनी विचारलं.

त्या दिवशी पाणी पाहणारे फक्त तेच होते, आणि विचारत होते आत्याला.

“गढूळच होतं,” ती म्हणाली. “मोजलं होतं मी.”

त्या दिवशी ताटली नव्हतीच. ते झाकण डब्यावर होतं, डबा आमच्या कपाटाखाली. आम्हा तिघांनाही हे ठाऊक होतं. बाबांनी मान हलवली आणि दोर वर ओढायला लागले.

“बाईंना कळव,” आत्या मला म्हणाली. “तळ दिसतो.”

मी कळवलं.

घरी आल्यावर बाबा हातपाय धुवायला मोरीत गेले. नळ बंद झाल्याचा आवाज आला, पुढे काहीच नाही. मी डोकावले. ते भरलेल्या बादलीत बघत बसले होते, हात गुडघ्यांवर तसेच. मला आत जायचं धाडस होईना.

आत्या मला बाजूला सारून आत गेली, पदर खोचून खाली बसली आणि हात घालून तिनं ते पाणी ढवळून दिलं.