मामींना बाहेरचं खाऊ घालताना

जालन्याहून सकाळची एसटी निघाली तेव्हा माझ्या मांडीवर औषधांची पिशवी होती आणि मामींच्या मांडीवर दशम्यांचा डबा. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला मामी म्हणायची पद्धत आहे. त्यांच्या मोतीबिंदूचं काहीतरी किचकट होतं, म्हणून जालन्याच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं होतं. माझी बायको वैशाली अंगणवाड्यांवर पर्यवेक्षिका आहे. तिची रजा संपलेली, आणि मी शाळामास्तर, दिवाळीच्या सुट्टीत घरात डोळ्यावर येणारा. तेव्हा मलाच पाठवलं.

निघताना वैशालीने बजावलं होतं, "आईला वेळेवर जेवू घाला. ती मागणार नाही. आणि एसीच्या हॉटेलात नेऊ नका. तिला तिथं घास उतरायचा नाही आणि आपल्याला बिल."

बावीस वर्षांत मामी आणि मी एकमेकांशी सलग दहा वाक्यं बोललो नव्हतो. भांडण नव्हतं, अदब होती. त्या माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसत आणि मी त्यांच्यासमोर पाय पसरून बसत नसे. असे आम्ही दोघं सहा तास शेजारी बसून होतो.

वाघोलीपासून गाडी पुण्यात शिरू लागली आणि पुढे तास-दीड तास शिरतच राहिली. वाकडेवाडीला उतरून रिक्षा केली. माझ्या मित्राचा बिबवेवाडीतला रिकामा फ्लॅट चार दिवसांसाठी मिळाला होता. तिथे पोचल्यावर लक्षात आलं की फ्लॅटमध्ये गॅस नाही. मग लक्षात आलं की दशम्यांचा डबाही नाही. उतरताना तो मी माझ्याकडे घेतला होता आणि मामींना हात द्यायला सीटवर ठेवला होता. चाळीस दशम्या, तिळाची चटणी आणि लिंबाचं लोणचं एसटीच्या आगारात मुक्कामाला गेलं होतं.

रात्री मी खालून केळी आणली, ती मामींनी सोलून दोघांत वाटली. दोन शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोथरूडला ऑपरेशन झालं, तेही अर्ध्या तासात. सिस्टरने सूचना दिल्या : खाण्याचं पथ्य नाही, पण वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही, दर दोन तासांनी थेंब, आणि पंधरा दिवस चुलीपुढे जायचं नाही. बाकी सगळ्याला मामींनी मान हलवली. शेवटचं ऐकून त्या म्हणाल्या, "मग मी करू काय?"

"बसायचं, आजी. आयतं खायचं," सिस्टर म्हणाली.

मामींनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काळा होता तरी नजर कळली. अडुसष्ट वर्षांची ही बाई आयुष्यात कधी हॉटेलात जेवली नव्हती. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. काही कारणं सांगण्यासारखी असतील, काही नसतील.

दवाखान्यासमोरच एक मिसळीचं हॉटेल होतं. आत शिरल्याबरोबर भिंती वाचायला मिळाल्या. पुण्यातल्या हॉटेलांत जेवणाआधी वाढतात ती पाटी. मामींना वाचायला मनाई होती, म्हणून मी हळू आवाजात वाचून दाखवत होतो. "टेबलावर डोके ठेवून झोपू नये."

"कोण झोपायलंय?" मामी ताठ बसल्या.

"तुम्हाला नाही, मामी. पाटी आहे. खाणे झाल्यावर विचारविनिमय बाहेर करावा."

"आपण कुठं बोलायलोत?"

वाढपी आला. साठीचा, खांद्यावर फडकं. मी मामींना अख्खं मेनूकार्ड वाचून दाखवलं : मिसळीचे पाच प्रकार, वडा, सॅम्पल (मिसळीचा नुसता तिखट रस्सा), खिचडी, पोहे, ताक. ते सगळं शांतपणे ऐकून मामी म्हणाल्या, "काहीही चालंल."

"काहीही आमच्याकडे मिळत नाही," वाढपी म्हणाला. "मिळतं ते यांनी आत्ता वाचलं."

मी दोन मिसळी मागवल्या. त्या आल्या आणि त्याच क्षणी मोबाइलचा गजर वाजला : थेंबांची वेळ. मी उठून मामींच्या खुर्चीमागे गेलो. त्यांनी चष्मा काढला, मान मागे टाकली आणि जावई इतक्या जवळ आला म्हणून सवयीने पदर पुढे ओढला. आता मला पदर दिसत होता, डोळा दिसत नव्हता. पहिला थेंब पदरावर पडला, दुसरा कपाळावर आणि तिसरा, मला वाटतं, मिसळीत.

"अहो साहेब," वाढपी लांबूनच म्हणाला, "तर्री हवी असेल तर आम्ही देतो. घरून आणू नका."

मामींनी अर्धी मिसळ खाल्ली. कशी आहे विचारल्यावर म्हणाल्या, "मटकीला मोड नीट आले नाहीत." बास.

तिसऱ्या दिवशी तपासणीनंतर मी त्यांना सदाशिव पेठेतल्या एका खानावळीत नेलं. घरगुती जेवण, परवडणारा दर. साडेअकराला दार उघडतं आणि दीडला बंद होतं; मधल्या वेळात तुम्हाला भूक लागलेली असावी अशी अपेक्षा. गल्ल्यावर बसलेले मालक प्रत्येकाच्या ताटाकडे परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखे बघत होते. ताटं आली. आमटी, भात, दोन पोळ्या, कोशिंबीर आणि भरली वांगी, प्रत्येकी दोन.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला (अधिक महिन्यात जावयाला बोलावून घालतात ते जेवण) मामींनी भरली वांगी केली होती. मला वांगं लहानपणापासून घशाखाली जात नाही. पण नवा जावई, समोर सगळी सासुरवाडी. मी चार वांगी गिळली आणि वर "वा!" म्हणालो. त्या एका "वा"पायी पुढची बावीस वर्षं मी जेव्हा जेव्हा त्या घरी गेलो, तेव्हा तेव्हा माझ्या ताटात वांगी आली.

खानावळीत मामींनी आपली दोन्ही वांगी उचलून माझ्या ताटात ठेवली. "घ्या जावईबापू. तुम्हाला आवडतेत."

आता माझ्यापुढे चार होती. मी दोन परत त्यांच्या ताटात ठेवली. "तुम्ही घ्या, मामी. अशक्तपणा आहे."

"नको, तुम्ही घ्या."

"अहो, नको."

एक वांगं दोनदा आलं-गेलं, त्यातून मसाला सांडला. मालक गल्ल्यावरून उठून टेबलापाशी आले. "चर्चा संपली की सांगा. वांगी गार होतायत. आणि पानात टाकायची इथे पद्धत नाही."

कदाचित दशम्यांचा डबा हरवल्यामुळे मी आधीच अपराधी होतो, त्यामुळे आणखी एक गुन्हा जड वाटला नाही. किंवा दोन दिवस त्यांच्या डोळ्यात थेंब घालून भीड चेपली असेल. मी म्हणालो, "मामी, मला वांगं आवडत नाही."

मामींचा हात ताटावर थांबला. "कधीपासून?"

"लहानपणापासून."

मला खरोखर भीती वाटली. बावीस वर्षं या बाईने माझ्यासाठी बाजारातून काटेरी, कोवळी वांगी निवडून आणली होती, दाणे भाजून कुटले होते. हे सगळं मी एका वाक्यात फेकून दिलं होतं. त्यांनी सांडलेला मसाला बोटाने गोळा केला. मग म्हणाल्या, "मलाबी नाही आवडत."

"काय?"

"तुम्ही गेल्यावर उरलेली मीच खायची ना. टाकून कशी द्यायची?"

आणि मामी हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग पदर तोंडात गेला. सिस्टरने खोकायचं आणि शिंकायचं जपून म्हणून सांगितलं होतं, हसण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. मी "मामी, डोळा, डोळा" करत स्वतःच हसत सुटलो. आजूबाजूचे लोक जेवायचे थांबले.

"मग ही चार वांगी खाणार कोण?" मालकांनी विचारलं.

आम्ही दोघांनी आपापली ताटं जरा मागे ओढली. मालकांनी एकदा मागे स्वयंपाकघराकडे पाहिलं, वाटी आणली, चारही वांगी तिच्यात काढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मलाही आवडत नाहीत. पण मी ते गिऱ्हाइकाला सांगत नाही."

बाहेर बसथांब्यावर मी विचारलं, "मग मामी, तुम्हाला आवडतं तरी काय?"

एक बस गेली, दुसरी गेली. "असं कुणी इचारलं नाही बगा," त्या शेवटी म्हणाल्या. "आठवून सांगते."

त्यांना आठवेना. मग आपणच शोधून काढू, असं मी ठरवलं आणि त्या दुपारी आम्ही वाटेत दिसेल तिथे थांबत निघालो. सगळी ठिकाणं साधी, बाकडी-खुर्च्यांची. इडली-सांबार खाऊन मामी म्हणाल्या, "डाळ शिजली नाही. फोडणीला घाई केली." थालीपीठ खाऊन म्हणाल्या, "भाजणी जुनी हाय." एका अमृततुल्यात (पुण्यात चहाच्या दुकानाला असं म्हणतात) उभं राहून चहा घेतला. तो मला फार आवडला. मामी म्हणाल्या, "नुसती वेलची टाकली म्हणून चहा होतो का? आधी उकळावा लागतो."

चहावाल्याने ऐकलं. "आजी, उद्यापासून तुम्हीच या. पहाटे चारला दुकान उघडतं."

"चुलीपुढं जायचं नाही म्हणलेत डाक्टर," मामी गंभीरपणे म्हणाल्या. "नाहीतर आले असते."

तेव्हा मला कळलं की या तक्रारी नव्हत्याच. प्रत्येक घासाबरोबर त्या मनातल्या मनात उठून स्वयंपाकघरात जात होत्या, आच कमी करत होत्या, मीठ बघत होत्या. त्यांच्या पायात चपला होत्या, हातात कप होता, पण त्या जेवायला अशा बसतच नव्हत्या.

संध्याकाळी बिबवेवाडीला परतलो तोवर मामी दमल्या होत्या. आमच्या इमारतीखालीच सहा टेबलांचं चायनीजचं दुकान होतं. दारावर लाल ड्रॅगन रंगवला होता; तो बराचसा घोरपडीवर गेला होता. मामींना इथे काय मिळणार, असं म्हणत मी पुढे चाललो होतो, पण त्याच आतल्या खुर्चीवर टेकल्या. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, ताजा हार घातलेला. मामींनी बसल्या जागेवरून हात जोडले.

दुकान चालवणाऱ्या कांबळेताई पुढे आल्या. नवरा आत कढईपाशी होता. "डोळ्याचं ऑपरेशन ना, आजी? माझ्या आईचं गेल्या वर्षी झालं. सूप घ्या. मंचाव."

"त्ये भाजीत येतं का डाळीत?"

ताईंनी जरा विचार केला. "खरं सांगू? कशातच नाही."

दोन वाट्या आल्या. वर वाफ, बाजूला बशीत तळलेल्या नूडल्स. मामींनी नूडल्स बोटांनी उचलून निरखल्या, कुरडईशी नातं जुळतं का ते पाहिलं, आणि वाटीत टाकल्या. एक चमचा घेतला. मी निकालाची वाट पाहू लागलो. निकाल आला नाही. दुसरा चमचा गेला. तिसरा. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर घाम आला.

"कसं आहे?" मला राहवेना.

"थांबा की जरा."

अर्धी वाटी झाल्यावर त्यांनी ताईंकडे पाहिलं. "ह्यात काय काय घालतेत?"

"सोप्पं आहे, आजी. आधी आलं-लसूण एकदम बारीक..."

मामींनी झटकन हात वर केला. "नको! सांगू नका बाई. सांगितलं की मी करायलाच लागते."

ताईंनी नूडल्सची बशी पुन्हा भरून मामींपुढे सरकवली. तेवढ्यात माझा गजर वाजला. मी बाटली काढली, तशा मामी म्हणाल्या, "थेंब काय पळून जायलेत का? हे गार होईल." वाटी संपली. मामींनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता, मला न विचारता, मोठ्याने आत सांगितलं, "अजून एक आणा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळा उत्तम आहे म्हणून सांगितलं आणि आम्ही जालन्याच्या गाडीत बसलो. मी पुण्यात ना शनिवारवाडा पाहिला ना पर्वती. माझ्या शाळेतले सहकारी विचारतील तेव्हा काय सांगायचं, याचा विचार करत होतो. मामी खिडकीशी बसून, कुणाकुणाच्या घरी किती वर्षं नावडतं जेवलं गेलं असेल, याच्या जालन्यातल्या एकेक शक्यता मला सांगत होत्या. दहा वाक्यं वाघोलीच्या आधीच ओलांडली.

घरी मामी आत आडव्या झाल्या आणि वैशालीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "आई जेवली का नीट?"

मी तिला सगळं सांगितलं. आई सूप कसं पिते, चमचा तोंडाशी नेऊन आधी फुंकर कशी घालते, नूडल्स हाताने कशी खाते, आवडलं की दोन चमच्यांच्या मध्ये हलकेच "हं" कशी म्हणते. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की बावीस वर्षांत मी त्यांना जेवताना पाहिलेलंच नव्हतं. आमची जेवणं झाली की त्या बसत, आत, आमच्याकडे पाठ करून.

"शेवटी तर थेंबसुद्धा घालू देईनात," मी हसत म्हणालो. "गार होईल म्हणे."

वैशाली हसली नाही. तिने वरणाखालचा गॅस बंद करायला नेलेला हात तसाच ठेवला.

"आईला गरम आवडतं?" तिने विचारलं.