अंगठ्यांचं प्रकरण

अक्का गेली तेव्हा तिच्याजवळ देण्यासारखं फार काही नव्हतं. जे होतं ते तिनं आधीच वाटून टाकलं होतं. नाकातली चमकी माझ्या मुलीला, विड्यांची कात्री शेजारच्या बाईला, जरीची एकुलती एक साडी माझ्या बायकोला. प्रत्येकीला जवळ बसवून, हात हातात घेऊन दिलं. मला काही दिलं नाही. ही तक्रार नाही. तिला मला काही देता येऊ नये, अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती.

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे, विणकरांचे. आई लवकर गेली आणि अक्का शाळा सोडून विड्या वळायला बसली. मध्ये तिचं लग्न झालं, मोडलं, ती परत आली आणि पुन्हा त्याच जागी बसली. त्या विड्यांवर मी शिकलो, एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. मला बायको आली, मुलगी झाली. समोरच्या खोलीत, दारातल्या उजेडात, मांडीवर सूप घेतलेली अक्का मात्र तशीच राहिली.

विड्या वळताना हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान रिकामे. एका रविवारी मी तिच्याजवळ जाड इंग्रजी कादंबरी घेऊन बसलो होतो. राजे, शापित नद्या, बोलणारे पक्षी असल्या गोष्टींची ती मालिका होती. मुलं सारखी मागत म्हणून आम्ही ती ग्रंथालयात घेतली होती.

"मनातल्या मनात काय वाचायलास? मोठ्यानं वाच की."

"इंग्रजी आहे, अक्का."

"मग मराठीत वाच."

मी ओळीवर बोट ठेवलं आणि जमेल तसं मराठीत सांगू लागलो. पुढची काही वर्षं आमचे रविवार असेच गेले.

त्या मालिकेत एक जादूगारीण होती. नायक दुसराच कुणी तरी होता, पण अक्काला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पहिल्यांदा मी तिला चेटकीण म्हणालो तर अक्का वळलेली विडी हातात धरून थांबली.

"चेटकीण कशाला? कुणाचं पोर खाल्लं का तिनं? बाई म्हण."

तेव्हापासून ती आमच्या घरात बाई झाली. बाई वयस्कर होती, अंगानं जाड, तोंडानं फटकळ. तिनं हात उचलला की नदी उलटी वाहायची, राजे सिंहासनावरून उठून उभे राहायचे. पण तिची सगळी ताकद बोटांत होती, आणि प्रत्येक मोठ्या जादूला एक बोट जायचं. तुटायचं नाही, नुसतं मरायचं. मेलेल्या बोटात ती अंगठी घालायची. अक्काची बोटं तंबाखूनं आणि पानांच्या रसानं काळी पडली होती. मी अंगठीचं वाचलं की ती स्वतःच्या बोटांकडे बघायची आणि म्हणायची, "आता किती राहिली गं बाई तुझी?"

मग त्या पुस्तकांवर सिनेमा आला. मुलीनं हिंदीतला मोबाईलवर दाखवला. त्यात बाईच्या जागी एक तरुण, चकचकीत नटी होती.

"ही कुठली?" अक्का म्हणाली. "हिच्या हाताला कामाची खूण तरी हाय का? ही नदी उलटी फिरवणार? हिला घागर उचलंना."

"सिनेमात असंच असतं, अत्तम्मा," मुलगी म्हणाली.

"मग पुस्तकच बरं. तुझा बाप न्हाई काही बदलत."

अक्का पोटावर हात दाबून बसू लागली तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. अक्का शेजारच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. रिक्षात तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

"साधी गाठ आहे. औषधानं विरघळेल."

घरी येऊन मी बायकोला आणि मुलीला बजावलं की तिच्यासमोर कुणी तोंड उघडायचं नाही. आमच्यात असंच करतात. माझ्या वडिलांना सांगितलं नव्हतं, काकांना सांगितलं नव्हतं. माणूस खचू नये, एवढाच हेतू असतो. मला तर ते चांगलं वागणंच वाटत होतं.

त्याच सुमाराला मालिकेचा शेवटचा भाग आला. मी आधी एकट्यानं ग्रंथालयात बसून वाचला. शेवटून तिसऱ्या प्रकरणात बाईला कळतं की पुढची जादू तिचा जीव घेणार. ती एका खोलीत बसते, माणसांना एकेक करून बोलावते, बोटातली एकेक अंगठी काढते, त्या बोटानं काय काय केलं ते सांगते आणि देऊन टाकते. मग ती नदीकडे जाते आणि परत येत नाही. मी पुस्तक मिटलं आणि पिशवीत टाकलं.

रविवारी अक्का भिंतीला टेकून होती. सूप शेजारी होतं, पण त्यात काही नव्हतं. मी वाचायला लागलो आणि त्या प्रकरणाशी आल्यावर माझं माझं रचू लागलो. बाईला एक मुळी सापडते, शत्रू हरतो, बाई आपल्या घरी परत जाते. ग्रंथालयात इतकी वर्षं काढलेला माणूस मी, गोष्ट बरी जमली. आवाजही कुठं अडखळला नाही.

"म्हणजे अंगठ्या तिच्याच बोटात राहिल्या, व्हय?" अक्कानं विचारलं.

"राहिल्या."

"बरं झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

त्यानंतर ती झपाट्यानं खाली आली. एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर ती पडल्या पडल्या हातात साचा घेऊन होती. विडीचं पान कापायचा लोखंडी पत्र्याचा तो तुकडा, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. तिनं मला हाक मारली, "तम्मी." म्हणजे धाकटा भाऊ, लहानपणी मारायची तशी. मी जवळ जाऊन बसलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, साच्याकडे पाहिलं, तो या हातातून त्या हातात घेतला.

"काय, अक्का? दुखतंय का?"

"न्हाई."

"मग?"

"काही न्हाई. पंखा जरा कमी कर."

मी उठून पंखा कमी केला. वळून पाहिलं तर तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं. आठवडाभरात ती गेली.

दिवस झाल्यावर पाहुणे पांगले, तेव्हा मुलीच्या नाकातली चमकी माझ्या लक्षात आली. हिला ही कुणी दिली, असं मी बायकोला विचारलं. बायको पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात निघून गेली. मग मुलीनंच सांगितलं.

मी शेवट वाचला त्याच्या दुसऱ्याच दिवशी अक्कानं तिला हाक मारली होती. "तुझ्या बापानं काल गोष्ट सांगितली, पण पान उलटायला विसरला. बोटपण ओळीवर नव्हतं. तितं काय लिवलंय ते वाच." मुलगी रडायला लागली, तर तिला म्हणाली, "रडायचंय तर वाचून झाल्यावर रड." मी कामावर असताना दुपारी मुलगी वाचायची, बायको भाजी निवडत ऐकायची. अंगठ्यांचं प्रकरण अक्कानं पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मग तिनं एकेकीला बोलावलं. कात्री देताना शेजारच्या बाईशी ती खूप हसली म्हणे. दोघींनी मिळून विड्यांच्या कारखान्यातल्या तपासनिसाची नक्कल केली, विड्या कमी भरल्या म्हणून तो कसा बाजूला फेकायचा त्याची. साडी देताना बायकोला म्हणाली, "माझ्या लग्नातली हाय, पण साडीचा त्यात काय दोष?"

"आणि मी?" मी मुलीला विचारलं.

"मी विचारलं होतं, पप्पा," ती म्हणाली. " पप्पांना काय देणार म्हणून. अत्तम्मा म्हणाली, त्याला दिलं तर मला कळलंय हे त्याला कळंल. लई मेहनतीनं बनवलंय त्यानं. मोडू नको."

साचा सुपातच होता. मी तो घेतला, आता माझ्या टेबलाच्या खणात असतो. पण त्यानं कुणाची फी भरली, कुणाची वह्यापुस्तकं आली, ते तिनं मला हात धरून सांगायला हवं होतं. ती सांगायला तयार होती. मी पंखा कमी केला.

यंदा त्या पुस्तकांवरची वेबमालिका संपली. तिच्यात बाईचं काम करणारी नटी वयस्कर आहे, हातही खरखरीत वाटतात. अक्काला ती पसंत पडली असती. शेवटचा भाग आम्ही तिघांनी समोरच्या खोलीत बसून पाहिला. मी तयारीनं बसलो होतो. त्या खोलीची, एकेक करून आत येणाऱ्या माणसांची वाट बघत होतो. ती आलीच नाहीत. बाईला ऐनवेळी कसलंसं औषध मिळालं, शत्रू बुडाला, आणि बाई घोड्यावर बसून घरी निघाली.

"जगली की," बायको म्हणाली.

"पुस्तकात नाही जगत," मुलगी म्हणाली. "बदललंय यांनी."

पडद्यावर नावं सरकू लागली. बायको तरी तिकडेच बघत होती.

"मग अंगठ्या?" तिनं विचारलं. "अंगठ्या कुणाला दिल्या तिनं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

"कुणाला नाही," मी म्हणालो. "तिच्याच बोटात राहिल्या."