बिनबैलांची दमणी

धुळ्याहून घरी आलं ते असं: हिरव्या बांगड्या एक डझन, सव्वा रुपया. नारळ आणि प्रसाद, दीड रुपया. पत्र्याची चाळणी, दोन रुपये (शेठजी अडीचवर अडून बसले होते, मी उठून चालू लागले तेव्हा वळले). सांजोऱ्या तीस, त्यांची किंमत मांडायला वहीत रकाना नाही.

मैत्रिणींनो, धुळ्यात एका जुन्या दगडी सराईत पालखीपासून मोटारीपर्यंत सगळी जुनी वाहनं मांडली आहेत, हे आमच्या ह्यांनी पेपरात वाचलं. मला मोटारींचं कौतुक बेताचंच. पण सराईच्या मागच्या गल्लीत माझं माहेर, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात; दोन आखाज्या मी तिथे गेले नव्हते. वडील नाहीत, भाऊ लष्करात. न्यायला येणार कोण? सासूबाईंचा नेम असा, की माहेरचा मुऱ्हाळी दमणी, म्हणजे माणसं बसायची छपराची बैलगाडी, घेऊन दारात आल्याशिवाय सून पाठवायची नाही. तशीच गेली तर लोक म्हणतात, हाकलली.

म्हणून मी माहेराचं नावच काढलं नाही. एकवीरा देवीच्या दर्शनाचं काढलं. सासूबाई लगेच लुगडं बदलून तयार!

जळगावहून सकाळी साडेसहाची एस.टी., माणशी साडेतीन रुपये. जाताना उजवीकडची खिडकी धरा, डावीकडे ऊन येतं. दशम्या घरून न्या; पारोळ्याला नुसता चहा घेतला तरी भागतं. तिथे मी हळूच म्हटलं, "आखाजी चार दिवसांवर आली. आई सांजोऱ्यांचं दळत असेल."

"दळू दे," सासूबाई म्हणाल्या आणि चहा बशीत ओतला.

देवीची ओटी भरून सराईत गेलो. प्रवेश चार आणे. दगडी कमानींखाली चांगला गारवा आहे. मेणा, टपालाचा टांगा, लढाईच्या काळात कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार. सगळ्यांना मी हात जोडले. इतकी माणसं सुखरूप पोचवली त्यांनी. शेवटी एक दमणी, घुंगरांसकट. पाटीवर लिहिलेलं: 'मालवाहू बैलगाडी.' मी वाचून दाखवलं मात्र,

"बठ्ठं खोटं शे!" सासूबाई अहिराणीत कडाडल्या. "असी दमनीमाच बशीसन मी सासरले उनू. मंग मी काय जवारीनं पोतं व्हतू का?" अशाच दमणीत बसून त्या सासरी आल्या होत्या.

रखवालदार रहीमभाई धावत आले. "अक्का, पाटी मी नाही लिहिली. पण वर चढू नका, मनाई आहे."

अक्का वर चढल्या होत्या. नवी सून कशी बसते, ते दाखवायला मलाही ओढून घेतलं. मग छपरातून डोकं काढून त्यांनी विचारलं, "भाऊ, तू कुठला?"

"इथलाच, मागच्या गल्लीतला. आधी टांगा हाकायचो."

"हिचं माहेरही तीच गल्ली. मग ही तुझी कोण?"

रहीमभाईंनी मला निरखून पाहिलं. "अरे, ही तर मास्तरांची पोर! बहीणच की."

"मग तूच मुऱ्हाळी. हाक गाडी."

"बैल कुठे आहेत, अक्का?"

"तोंड शे ना?"

रहीमभाईंनी इकडेतिकडे पाहिलं, घुंगरं हलवली आणि जीभ टाळ्याला लावून असे काही टचटच आवाज काढले, की कमानीतली कबुतरं उडाली. चाकाखालचे ठोकळे जागचे हलले नाहीत. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "धुये उनं. उतर." म्हणजे, आलं धुळं. "चार दिवस राहा. मी पारोळ्याला बहिणीकडे थांबते. जाताना तिथून घे मला."

मी पटकन उतरले.

रहीमभाई जेवणाच्या सुट्टीत माझी पिशवी घेऊन दारापर्यंत आले. आईने मला पाहिलं, आणि रडण्याआधी विचारलं, "कोणाबरोबर आलीस?"

"मुऱ्हाळ्याबरोबर."

आईने त्यांना पाटावर बसवून सांजोऱ्या वाढल्या. पाच खाल्ल्या त्यांनी.

जळगावला परतले तेव्हा ह्यांनी विचारलं, वाहनं कशी होती? मला टांगा आठवेना, मोटार आठवेना. आईची बोटं माझ्या केसांत होती, तेवढंच आठवत होतं. सासूबाईच म्हणाल्या, "दमणी उत्तम. धक्का म्हणून बसत नाही."

आता धाकट्या जाऊबाईंनी धोसरा लावलाय. त्यांचं माहेर पिंपळनेरचं, आणि त्यांनाही न्यायला कोणी नाही. तुमच्यापैकी जी धुळ्याला जाईल तिने बघून यावं, कोणी चढू नये म्हणून दमणीभोवती दोरी तर बांधली नाही ना. आणि रहीमभाईंना विचारावं, पिंपळनेरपर्यंत हाकतील का. सासूबाई वाट पाहताहेत. उलट टपाली कळवा.